स्टूल क्रमांक सत्तेचाळीस

...अन् वरून म्हणते, स्टूल चालू करून दाखवा.

आता मले सांगा, तुमी इतके शिकले-सवरले लोक बसले इथं, तुमच्या घरी स्टूल आहे ना, कधी चालू केलं का ते? बटन कोठी असते त्याले? नाही ना? मंग हसता काहून? आमच्या स्टुलाले होतं बटन. बटन होतं, लाल लाईट होता, मांगून गरम हवा फेके, अन् दिल खूश असला तं कुरकुर कुरकुर करून कागदबी छापून दे. अन् त्या स्टुलापायी एका सज्जन माणसाची बदली अडून बसली होती. शुक्रवारच्या संध्याकाळपर्यंत सुटला तं सुटला, नाही तं गेली बदली गटारात... अन् मॅडम म्हणते, चालू करून दाखवा, कुठं तरी पाणी मुरून राहिलं.

थांबा, थांबा. पयले माणूस सांगतो, मंग स्टूल.

माणूस म्हणजे नागसेन गजभिये, आमच्या ऑफिसातला बाबू. ऑफिस कोणतं ते नाही सांगत, नाव घेतलं की खुलासा मागतात. येवढंच समजा की ज्यायची जमीन कोळशाच्या खाणीत नाही तं धरणात गेली, त्यायले तसा दाखला देणारं ऑफिस, अन् त्या दाखल्यावर पोट्ट्या-पोट्ट्यांच्या नोकऱ्या अडून राहतात. मी तिथंच शिपाई होतो. रिटायर होऊन नऊ वर्षं झाले, पण दहा वाजले की पाय आपोआप तिकडेच, गेटवर चहा घेतो, आत जाऊन पंख्याखाली बसतो. कोणी हटकत नाही. अर्ध्या लोकाले वाटते म्हातारा अजून नोकरीवर आहे, बाकीच्यायले वाटते हा साहेबाचा सासरा आहे. मी कायले सांगू?

तं नागसेन. घर उमरेडले, नोकरी नागपूरले. सकाळी सहाची एसटी, संध्याकाळी परत एसटी, चौदा वर्षं. दरसाल अर्ज करे, 'उमरेड येथील उपकार्यालयात बदली मिळणेबाबत', अन् दरसाल तो अर्ज कोणत्या तरी कपाटात जाऊन झोपे. पोरगी त्याची, वेदिका, तिले शाळेत निबंध लिवाले सांगितला, माझे वडील. तिनं लिवला चांगला पानभर, बाईनं शाबासकी दिली, पण म्हणे बेटा, यात सगळं रविवारचंच काहून आहे? पोरगी म्हणे, बाई, आमच्या घरी वडील रविवारीच असतात.

तं असा हा माणूस. अन् त्याच्या टेबलावर तो डब्बा.

आता डब्बा म्हणजे कॉम्प्युटर. किती जुना? बसवला तेव्हा चपला बाहेर काढून आत जावं लागे, त्याच्यासाठी अलग पडदा, अलग पंखा, नवरीचा थाट होता. मंग जसं नवरीचं होते तसं झालं. त्याच्या पोटातला सेल मेलेला, रोज सकाळी चालू केला की म्हणे आज एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी. नागसेन रोज त्याले समजावे, नाही बाप्पा, आज अमुक तारीख आहे, पंचेचाळीस वर्षं झाले, मोठा हो. एकदम चालू नाही होत होता. पयले बटन, मंग डाव्या कुशीवर एक चापट, मंग पाच मिनिटं त्याच्याकडे पाहाचं नाही. पाह्यलं की अडते. मे महिन्यात तं ओला टॉवेल पिळून खिडकीले बांधे नागसेन, बायकोच्या बाळंतपणात नाही केली तितकी सेवा, हे त्याची बायको गोपिकाच म्हणते. एकदा आतमंधी मुंग्याइनं घर केलं, त्यायले त्यानं साखरेची पुडी लावून दोन दिवसांत बाहेर काढलं, फुंकर मारली नाही, का तं मुंगी मेली अन् तारेले चिकटली तं? अन् ह्या डब्ब्याच्या पोटात आठ हजार घरांची नोंद, कोणाची किती जमीन गेली, कोणत्या गावची, वारस कोण. कागद? कागद वाळवीनं केव्हाचेच वाचून काढले.

आता तुमी म्हणसान, नानाजी, मंग नवा काहून नाही घेतला? दुरुस्त काहून नाही केला? अरे हेच तं. दुरुस्त कोणाले करता? तो डब्बा सरकारच्या लेखी होताच कोठी! सरकारच्या लेखी तो दोन हजार अकरा साली भंगारात गेला. टेबलावर जे घरघर करून राहिलं होतं ते लाकडी स्टूल होतं, क्रमांक सत्तेचाळीस.

कसं काय? ऐका. सरकारी ऑफिसात प्रत्येक वस्तूवर नंबर रंगवलेला असते, पाह्यला असन तुमी, खुर्चीच्या पाठीवर, कपाटाच्या कपाळावर, पांढऱ्या रंगात. तो नंबर रजिस्टरात, ज्याले डेडस्टॉक म्हणतात. दरसाल एक साहेब येते, हातात रजिस्टर, नंबर पाहाते, बरोबरची खूण करते, चहा पिते, जाते. वस्तू नाही पाहात, नंबर पाहाते. तर त्या साली नंबर नव्यानं रंगवाचे होते, पेंटर आला नाही, ब्रश कोणाच्या हातात दिला असन? ...हाव. चौथी पास माणसाच्या.

लिस्ट दिली मले साहेबानं. सत्तेचाळीस, लाकडी स्टूल. अठ्ठेचाळीस, संगणक. अन् सांगितलं, नाना, वरून खाली जा. आता तेव्हा टेबल मंजूर नव्हता झाला म्हणून तो डब्बा स्टुलावर ठेवला होता. मी गेलो वरून खाली. वर कोण? डब्बा. टाकला सत्तेचाळीस. खाली कोण? स्टूल. टाकला अठ्ठेचाळीस. मायं काय चुकलं सांगा? हुकूम पाळला.

अन् सहा महिन्यांनी वरून आदेश, संगणक जुना झाला, क्रमांक अठ्ठेचाळीस, भंगारात काढा, नवा येऊन राहिला. तिघा साहेबांची समिती आली. भंगारवाला आला. आकडा पाहा म्हणे, अठ्ठेचाळीस कोठी आहे? हा काय खाली. मंग काढा. आता काढाचं तं वरचा डब्बा कोणी तरी उचलाले पाहिजे का नाही? मी उचलला. छातीशी धरून उभा राह्यलो, भंगारवाल्यानं खालून स्टूल ओढलं, डोक्यावर घेतलं, जिना उतरला. अन् तिघाही साहेबांनी तिथंच, मायासमोर, 'संगणक एक नग, मोक्यावरून उचलला' म्हणून सह्या ठोकल्या. अन् संगणक माया हातात. एका साहेबानं तं सही कराले कागद टेकवाचा म्हणून त्या डब्ब्याचीच पाठ वापरली.

मी काही बोललो का? नाही बोललो. मले वाटलं पाहू तं खरं, पयले कोण बोलते. चौदा वर्षं झाले. कोणीच नाही बोललं.

नवा काही आला नाही. पुढच्या महिन्यात हा नागसेन आला, नवाच नोकरीवर, चार्ज घेतला, लिस्टमंधी लिवलं लाकडी स्टूल एक, याले सत्तेचाळीस नंबर कुठं तरी दिसला, केली सही. अन् मंग पंधरा दिवसांनी डब्ब्याचा माऊस मेला. यानं भांडारात मागणी पाठवली, संगणकास माऊस मिळावा. भांडारबाबू म्हणे तुमच्याकडे संगणक नाही, तुमच्याकडे स्टूल आहे. नागसेन आला मायाकडे, घाम आलेला, म्हणे नानाजी, हे काय आहे गा? मी सांगितलं त्याले सगळं, हसत हसत. त्याले हसू नाही आलं. साहेबाकडे गेला दुरुस्त कराले, तं साहेबानं दार लावून घेतलं, अन् म्हणे, गजभिये, त्या तिघांपैकी एक आता आपला मोठा साहेब आहे. त्याच्या सहीले खोटं तू म्हणतो का मी म्हणू?

कोणीच नाही म्हटलं. अन् तिथून सुरू झाला स्टुलाचा पत्रव्यवहार.

काय सांगू तुमाले, ती फाईल मी वाचून घेतो कधी मन उदास असलं की. नागसेन लिवे, 'स्टूल क्रमांक सत्तेचाळीसकरिता लहान पंखा मिळावा.' भांडारातून शेरा, 'स्टुलास पंखा कशासाठी? खुलासा करावा.' हा लिवे, 'स्टूल गरम होते.' शेरा, 'स्टूल गरम होण्याचे कारण?' हा लिवे, 'सततचा वापर.' शेरा, 'कोण वापरते?' मंग एकदा डब्बा लय हळू चालाले लागला, नोंद उघडाले अर्धा घंटा घे, तं यानं भीत भीत लिवलं, 'स्टुलाची स्मरणशक्ती वाढवणेबाबत.' ते पत्र वापस आलं. लाल शाईनं, 'संबंधित कर्मचाऱ्याची वैद्यकीय तपासणी करावी.' अन् करावी लागली! रामदासपेठेत डॉक्टरकडे पाठवलं त्याले, डॉक्टरनं विचारलं काय तरास आहे, यानं खरं सांगितलं, डॉक्टरनं गोळ्या दिल्या.

अन् भांडारबाबूच्या डोक्यात एकच, कुठं तरी पाणी मुरून राहिलं. हा माणूस स्टुलाच्या नावानं माऊस मागते, कागद छापाची रिबिन मागते, म्हणजे घरी उमरेडले यानं सायबर कॅफे टाकला. एका रविवारी भांडारबाबू बायकोले घेऊन मुद्दाम उमरेडले गेला, नागसेनच्या घरात शिरला, पाहुणा म्हणून जेवला, पलंगाखाली वाकून पाह्यलं. सायबर कॅफे नाही. मंग तं त्याचा संशय अजूनच पक्का. म्हणे, लय सफाईनं लपवते लेकाचा.

तं असं चालू होतं. अन् ह्या साली, सोमवारी, बदली आली. चौदा अर्ज, एक बदली. नागसेन गजभिये, उमरेड. खाली अट, शुक्रवार कार्यालयीन वेळेपर्यंत कार्यमुक्त न झाल्यास आदेश रद्द समजावा. नागसेननं तो कागद मले दाखवला. म्हणे, नानाजी, घरून ऑफिस पायी सात मिनिट आहे. मोजून आला होता तो, कधीच.

चार्ज घेणार कोण, तं श्वेता मॅडम. नवी पोरगी, परीक्षा देऊन लागलेली, हुशार, सरळ, अन् संशयी किती, तं चहात साखर टाकली तं पयले मुंगी जाते का पाहीन मंग पिईन. प्रत्येक वस्तूचा मोबाईलवर फोटो काढे. टेबल एक, फोटो. कपाट दोन, फोटो. आली सत्तेचाळीसवर. लिस्टमंधी लिवलेलं, 'लाकडी स्टूल, चालू स्थितीत.' ते 'चालू स्थितीत' नागसेननंच कधी तरी लिवलं होतं रिबिन भेटावी म्हणून.

"सर, स्टूल कुठे आहे?"

नागसेननं डब्ब्याकडे बोट दाखवलं.

मॅडमनं डब्ब्याकडे पाह्यलं, नागसेनकडे पाह्यलं, मायाकडे पाह्यलं. मी छताकडे पाह्यलं. मॅडम म्हणे ठीक आहे, मग हे चालू करून दाखवा. अन् नेमकं त्या दिवशी, सोमवारी, डब्बा हटून बसला. बटन, चापट, सगळं केलं, पण पाच मिनिटं पाहाचं नाही हे मॅडमले कसं सांगाचं? ते तं टक लावून पाहे, मोबाईल धरून. मंगळवारीबी तेच. मॅडम गेली की घर्रकन चालू, आली की मुकाट. झालं, मॅडमची खात्री. म्हणे हा माणूस स्टूल घरी घेऊन गेला, त्याच्या जागी भंगार आणून ठेवलं, अन् मी सही केली तं उद्या स्टूल माया पगारातून. कुठं तरी पाणी मुरून राहिलं.

बुधवारी साहिल आला. नवे कॉम्प्युटर घेऊन कंपनीचा पोट्टा, गळ्यात पट्टा, पाठीवर पिशवी. जुन्या मशीनमधला माल नव्यात टाकाचा होता. त्यानं आपली यादी काढली, म्हणे जुनं मशीन तुमच्याकडे झिरो दाखवून राहिलं. नागसेन म्हणे हे काय समोर. साहिल म्हणे दादा, ये तो स्टूल है, सिस्टीममध्ये स्टूल है. अन् तसंही ह्याले पेनड्राईव्ह लावाले भोकच नाही, स्पेशल माणूस पुण्याहून बोलवा लागन, अन् स्टुलासाठी कंपनी माणूस पाठवत नाही. गुपचूप मले बाजूले घेऊन विचारते, नानाजी, ये लोग मेरा टेस्ट ले रहे क्या? मी म्हटलं, हाव, अन् वरच्या पंख्यात कॅमेराबी लावला. दोन दिवस तो पंख्याकडे पाहून हसत राह्यला.

अन् साहेब? हे आमचे सातवे साहेब. त्यायले वाटे, नागसेननं मुद्दाम डब्ब्यात कुलूप मारलं, बदली झाल्यावर सगळ्याइनं पाया पडावं म्हणून. नागसेनले वाटे, साहेबानंच मॅडमले शिकवलं, आपण सुटू नये म्हणून. गुरुवारी तं असं झालं की ऑफिसात कोणी कोणाच्या हातचा चहा घे ना.

शुक्रवार. आता मायाच्यानं पाहावलं नाही. घोळ तं मायाच ब्रशचा होता ना? मी नागसेनले म्हटलं, अरे, तिले स्टूल पाहिजे ना, देऊन टाकू स्टूल. टपरीवरचं स्टूल आणलं, गांधीबागेतून रंगाची डबी आणली, मांगच्या गॅलरीत बसून झकास सत्तेचाळीस टाकला. अक्षर तेच, ब्रश धराची तऱ्हा तेच, चौदा वर्षांत काहीच बिघडलं नाही. नेऊन ठेवलं मॅडमसमोर. मॅडमनं फोटो काढला. मंग वाकली अन् नुसतं बोट टेकवलं.

बोट पांढरं.

"सर, दोन हजार अकराचा रंग ओला कसा?"

नागसेननं मायाकडे पाह्यलं. मी म्हटलं, मॅडम, यंदा दमट हवा आहे. काही उपयोग नाही झाला. साहेबाले बोलावलं. आता टेबलावर सत्तेचाळीस, खाली सत्तेचाळीस, अन् घड्याळात पावणेसहा. साहेब दोन्हीकडे पाहे. पण साहेब मुरलेला माणूस. तो म्हणे, रजिस्टर काय म्हणते? स्टूल. हे खाली काय आहे? स्टूल. मॅडम, मंग तुमाले काय पाहिजे? मॅडमले पेच पडला. रजिस्टर बरोबर, वस्तू बरोबर. केली सही. खाली लाल शाईनं लिवलं, 'रंग ओला होता.' पण केली.

मंग मॅडमनं पेन डब्ब्याकडे केला. म्हणे, अन् हे? हे माझ्या यादीत नाही. ज्याचं असेल त्यानं न्यावं, तोवर चार्ज पूर्ण झाला असं मी लिहिणार नाही.

साहेब बोलन? बोलला तं विचारतीन, ऑफिसचं आहे तं लिवलं कोठी आहे. साहिल बोलन? तो पंख्याकडे पाहून हसून राहिला. मी बोलू? मी तं रिटायर माणूस. नागसेन त्या डब्ब्याकडे पाहात होता, ज्याले चौदा वर्षं टॉवेल पिळले, ज्याच्या मुंग्या गोडीगुलाबीनं काढल्या. घड्याळात सहाले पाच कमी. एक शब्द बोलला की सुटला.

"माझं आहे, साहेब."

असं हळूच म्हणाला. झालं. साहेबानं कार्यमुक्तीवर सही केली, गेटपास बनला, 'खाजगी सामान, एक.' नागसेननं डब्बा खांद्यावर घेतला, जिना उतरला. गेटवरच्या चौकीदारालेबी वाटलं काही तरी पाणी मुरून राहिलं, त्यानं तीनदा उलटवून पाह्यलं. पण कागद पक्का होता. अन् आठ हजार घरांची जमीन एसटीत बसून उमरेडले गेली.

सोमवारी पायी सात मिनिट चालून नागसेन उमरेडच्या ऑफिसात हजर. दुपारी घरी जेवाले गेला. गोपिका सांगते, पोरगी शाळेतून आली तं दारातच थबकली, म्हणे आई, आज काय रविवार आहे?

अन् इकडे नागपूरले, त्याच सोमवारी, नंदिनी नावाची पोरगी आली. उमरेडकडच्याच गावची, आजोबाची जमीन खाणीत गेली, बुधवारी तिची मुलाखत, दाखला पाहिजे. मॅडमनं नवा कॉम्प्युटर उघडला. चकाचक. रिकामा. मॅडम म्हणे साहिल, माल? साहिल म्हणे, माल तो स्टूल में था. मॅडमचा चेहरा पाह्यला मी... पोरगी खरंच चांगली आहे हो, तिले रडू आलं, नंदिनीपेक्षा पयले तिले आलं. साहेबानं फोन लावला नागसेनले. तो बिचारा, नाही म्हणणाराच नाही, अन् नंदिनीच्या आजोबाची नोंद त्यानंच टाकली होती. मंगळवारी डब्बा घेऊन आला. बटन, चापट, सगळ्याइनं भिंतीकडे तोंड केलं पाच मिनिटं, साहेबानंबी. घर्रकन चालू. नंदिनीले दाखला भेटला.

म्हटलं आता ठेव इथं डब्बा, जा घरी. तं मॅडम म्हणे, ठेवता येत नाही. आत घ्यायचं तर खरेदीचं बिल पाहिजे. बिल भंगारात गेलेल्या मशीनचं, ते जोडलं तं तीन साहेब फसतीन. खाजगी सामान म्हणून ठेवाचं तं नियम आहे, खाजगी वस्तू मुक्कामाले ठेवता येत नाही. पुण्याचा माणूस येईस्तोवर काय? साहेबानं आदेश काढला, मी वाचला तो: 'श्री. गजभिये यांनी मूळ पद उमरेड येथे कायम ठेवून, जनहितार्थ, तात्पुरत्या स्वरूपात, आपल्या खाजगी सामानासह दररोज नागपूर येथे उपस्थित राहावे.' पुण्याचा माणूस कधी येईन? फाईल गेली आहे.

तं आता असं आहे. पगार उमरेडचा, खुर्ची उमरेडले रिकामी, अन् नागसेन सकाळी सहाच्या एसटीत. हादऱ्यानं आतलं काही हालू नये म्हणून गोपिका तो डब्बा जुन्या गोधडीत गुंडाळून देते, हा छातीशी धरून आणते, संध्याकाळी गेटपास घेऊन वापस नेते. परवा मी गणेशपेठच्या स्टँडवर त्याले सोडाले गेलो होतो. मले वाटलं आता हा मले शिव्या देईन, माया ब्रशले देईन, हक्क होता त्याचा. म्हटलं, नागसेन, कसं चालू आहे गा?

तो म्हणे, नानाजी, चौदा वर्षं मी ह्या गाडीत उभ्यानं आलो-गेलो. आता चढलो की बाया उठून जागा देतात.

मी म्हटलं काहून?

म्हणे, त्यायले वाटते लेकरू झोपलं आहे.